वाघोलीतलं उष्टावण

शनिवार पेठेतल्या माणसांनी प्रवासवर्णनं लिहावीत ती युरोपची, गेला बाजार चारधामची. मी वाघोलीचं प्रवासवर्णन लिहायला बसले आहे हे कळल्यावर आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "व्हिसा किती दिवसांचा होता?" मी म्हटलं, नऊ दिवसांचा. युरोपात आम्ही पंधरा दिवस होतो आणि तिथे मी गाईड सोडून एकाही माणसाशी धड बोलले नव्हते. वाघोलीत मात्र बोलले, भांडले, चिखलात पडले आणि एकदा रडलेही. तेव्हा लिहायचं तर वाघोलीबद्दलच लिहायला हवं.

जाण्याचं कारण असं झालं. मी एकतीस वर्षं कॉलेजात गृहविज्ञान शिकवलं. लहान मुलांचा आहार हा माझा हातखंडा विषय. माझी भाची मृणाल आयटीत आहे आणि वाघोलीच्या एका नव्या सोसायटीत राहते. त्यांच्या गॅलरीच्या बरोबर खाली, पुढच्या इमारतीचं बांधकाम करणाऱ्या मजुरांचा कॅम्प आहे, पत्र्याच्या खोल्यांचा. तिथे राहणारी बहुतेक कुटुंबं विदर्भातली, वाशिम-यवतमाळकडची. तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनी सोसायटीत येऊन सांगितलं, की कॅम्पातली दोन वर्षांच्या आतली बाळं वाळत चालली आहेत, कुणी काही करता येईल का बघा. मृणालच्या ऑफिसातल्या मुलामुलींनी लगेच मनावर घेतलं आणि त्यांना जे येतं ते करायचं ठरवलं, म्हणजे मोबाइलचं ॲप. ठरलेल्या वेळी आईच्या फोनवर घंटी वाजणार आणि बाळाला काय भरवायचं त्याची कृती पडद्यावर येणार. आता या कृती द्यायच्या कुणी? तर मावशीने.

मी तीस कृतींची वही केली, रंगीत तक्ता करून त्याला प्लास्टिक चढवून घेतलं, मोड आणून दळलेल्या नाचणीचं दोन किलो सत्त्व घेतलं आणि निघाले. नगर रस्त्याने दोन तास कसे गेले ते सांगून वाचकाला छळत नाही.

तेराव्या मजल्यावर

वाघोलीत पहिली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे पाण्याचे टँकर. आमच्या पेठेत सकाळी दूधवाल्याची सायकल वाजते, इथे टँकरचा हॉर्न वाजतो. तेरा मजल्यांची इमारत, खाली पोहण्याचा तलाव, आणि नळाला पाणी टँकरचं. मी मृणालला म्हटलं, खडकवासला धरण भरलंय म्हणून आम्ही पेठेत पेढे वाटतो, तुमचं काय? ती म्हणाली, "मावशी, आमचं खडकवासला चाकांवर येतं." पोरीला पेठेचं वळण आहे, आईकडून आलेलं.

शेजारपाजारची मुलं गुणी. एक जण नागपूरचा, एक अकोल्याचा, एक मुलगी कोल्हापूरची. रविवारी संध्याकाळी सगळी जमली, पिझ्झा मागवला आणि माझी वही पाहिली. मी आल्याबरोबर काय काय करायचं ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मृणाल तेवढी म्हणाली, "आम्ही काहीही बनवायच्या आधी यूझरशी बोलतो. तू तर थेट प्रॉडक्ट घेऊन आलीस." यूझर म्हणजे वापरणारा, हे समजल्यावर मी जरा घुश्शातच म्हटलं, "अगं, बाळाला काय द्यायचं हे बाळाला विचारू का?" सगळे हसले. त्या हसण्यावर मी खूश झाले, ते आता आठवून लाज वाटते.

सोमवार, अकरा वाजता

अंगणवाडीच्या संगीताताई मूळच्या वाघोलीच्याच. त्यांच्या सासऱ्यांच्या शेतात आता तीन इमारती उभ्या आहेत. त्यांना मी आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की सोमवारी अकरा वाजता आयांना बोलवा, प्रात्यक्षिक करू. त्या "बरं" म्हणाल्या होत्या. त्या "बरं"चा अर्थ मला अकराला कळला.

पत्र्याच्या खोल्यांसमोर मी स्टो मांडला, तक्ता दोरीला अडकवला. समोर अकरा मुलं आणि एक म्हातारी. आई एकही नाही. सगळ्या आठ वाजताच कामावर गेलेल्या, सातव्या मजल्यावर विटा पोचवत होत्या. "बाई कालेजातल्या, म्हनलं वेळ त्यांनी इचार करूनच दिली आसंल," संगीताताई शांतपणे म्हणाल्या. एकतीस वर्षं अकराचा तास घेतलेल्या बाईला अकराशिवाय दुसरी वेळ सुचली नव्हती, दुसरं काय?

म्हातारीचं नाव लीलाबाई. दिवसभर सगळ्यांची मुलं तीच सांभाळते. मी सत्त्वाचा डबा उघडला तेव्हा तिने चिमूट घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हे दात घासाची राखुंडी हाये का?" नाचणी त्यांच्याकडे पिकत नाही, कुणी खात नाही. तिने ती उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मी तरीही लापशी शिजवली. एका दांडग्या बाळाने पातेल्यालाच लाथ मारली आणि निम्मी लापशी कॅम्पातल्या शेळीने संपवली. त्या दिवशी शेळीचं पोषण चांगलं झालं.

दुपारी मात्र मी जे पाहिलं त्याने हसू मावळलं. लीलाबाईने चहा केला, त्यात ग्लुकोजची बिस्किटं बुडवली आणि लहानग्यांना भरवली. त्यात एक मुलगी होती, तनू. दहा महिन्यांची, पण सहाची वाटेल अशी. मोठे डोळे, मनगटं बारीक, आणि रडणंसुद्धा दमलेलं. संगीताताईंनी तिचा वजनाचा कागद दाखवला. सहा महिन्यांपर्यंतचे ठिपके हिरव्या पट्ट्यात छान चढत गेलेले. मग आडवे. शेवटचा ठिपका पिवळ्यातून लालच्या काठावर टेकला होता. सहा महिन्यांपर्यंत सगळं ठीक आणि नंतरच अडलंय, हे त्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणि शिकवणारी मी, मला वाटलं, आई आळशी असणार.

टँकरची वेळ

आया भेटतात कधी, असं मी शेवटी विचारलं. लीलाबाई म्हणाली, टँकरवर. तेव्हा मंगळवारी सकाळी साडेसहाला मी शाल गुंडाळून खाली उतरले. दिवाळी होऊन गेलेली, चांगली थंडी. कॅम्पातल्या साऱ्या बायका हंडे, कॅन, रंगाचे रिकामे डबे घेऊन रांगेत उभ्या. हॉर्न देत टँकर आला. चालवणारा रामेश्वर, जालन्याकडचा, तिशीतला, बोलायला कमी आणि पाइप धरायला खबरदार. कुणाचा हंडा आधी, कुणाचा मग, यावरून रोज भांडणं व्हायची म्हणून त्यानेच म्हणे क्रम लावून दिला होता: ज्यांच्या कडेवर मूल आहे त्या आधी. पाऊण तास सगळ्या बायका, सगळी मुलं एका जागी. मला हवी होती ती सभा रोजच भरत होती, फक्त मला तिचं आमंत्रण नव्हतं.

पाण्याच्या चिखलात माझा पाय सटकला आणि मी पेठेच्या साऱ्या प्रतिष्ठेसकट खाली बसले. चार बायकांनी धरून उठवलं, एकीने पातळावर पाणी ओतून चिखल धुतला. त्या क्षणापासून त्या माझ्याशी बोलायला लागल्या. तक्त्याने जे केलं नव्हतं ते पडण्याने केलं.

तनूची आई शीतल, बावीस-तेवीस वर्षांची. मी तिला सांगितलं, दूध तर पाजच, पण सोबत मऊ भात-वरण दे, दिवसातून तीनदा. ती म्हणाली, "हाव बाई." हाव म्हणजे हो. केळं कुस्करून दे. "हाव बाई." आजपासून सुरू करशील? "हाव बाई." बुधवारी विचारलं, दिलंस का? तिने मान खाली घातली. मला रागच आला. शिकवलेल्या विद्यार्थिनींवर यायचा तसला राग. मी म्हटलं, "अगं, पोर तुझी आहे ना? मग तुला कळत कसं नाही?" ती हंडा उचलून गेली.

मग संगीताताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. शीतलच्या नवऱ्याने, गणेशने, ठरवलं होतं, की शनिवारी गावचं एक कुटुंब कापूस वेचणीसाठी जीपने परत चाललंय, त्यांच्याबरोबर तनूला गावी आजीकडे पाठवायचं. शीतलला जाता येणार नव्हतं. कॅम्पातली खोली नवरा-बायको दोघं कामावर असतील तरच मिळते. म्हणजे अंगावर पिणारी दहा महिन्यांची पोर एकटीच जाणार होती. "लई रडती ओ शीतल रातीला," संगीताताई म्हणाल्या, "पन करनार काय? तिलाबी वाटतं, गावाला ग्येली तर पोर वाचंल." तनूच्या कपड्यांची पिशवीसुद्धा भरून तयार होती.

गावाला गेली तर वाचेल, असं का वाटावं? तिथे आजीजवळ असं काय होतं जे आईजवळ नव्हतं? तो प्रश्न घेऊन मी तेराव्या मजल्यावर गेले आणि मृणालला म्हटलं, "तुमच्यात यूझरशी बोलतात म्हणजे नक्की काय करतात गं?" तिने माझ्याकडे पाहिलं, पण थट्टा केली नाही. ती म्हणाली, काही सांगायचं नाही, शिकवायचं नाही, फक्त विचारायचं, आणि समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं. एकतीस वर्षं बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईसाठी हे अवघडच होतं.

शीतल बोलली

गुरुवारी संध्याकाळी शीतल कामावरून आली तेव्हा मी तिच्या दारात बसले होते. आधी तिची माफी मागितली. कालचं बोलणं माझं चुकलं, म्हटलं. ती गोंधळली. तिने चूल पेटवली, ज्वारीच्या कण्या शिजायला टाकल्या, वर तुरीचं वरण. ज्वारी जाडसर भरडून भातासारखी शिजवतात त्या कण्या. काय वास सुटला होता! मला ताटलीत वाढलं, वर जवसाची चटणी, कच्चं तेल. मी खाल्लं आणि मनात म्हटलं, अगं, हेच तर हवंय पोरीला, तुझ्या घरात रोज शिजतंय. पण तोंडाने एवढंच विचारलं, "तनूला यातलं देत नाहीस?"

ती गप्प. मीही गप्प. चुलीतलं लाकूड दोनदा सरकवून झालं.

"कसं देऊ बाई?" ती शेवटी म्हणाली. "तिचं उष्टावन नाई झालं अजून. मामानं पयला घास देल्याबिगर अन्न कसं लावू तोंडाले? माहा एकच भाऊ हाये. कापूस सुरू झाला, त्याले येनं होत नाई."

"पण बिस्कीट तर देता."

"बिस्कीट काय अन्न हाये का?" ती म्हणाली.

बाळाला पहिलं अन्न मामाने भरवायचं, त्याला उष्टावण म्हणतात, हे का मला माहीत नव्हतं? माझ्या मुलाचं उष्टावण माझ्या भावाने केलं होतं. साताऱ्याहून तो यायचा होता, त्याला कावीळ झाली, आणि सासूबाईंनी महिनाभर मुलाला वरणाचं पाणीसुद्धा लावू दिलं नव्हतं. मी तेव्हा आहारशास्त्राची पदवी घेतलेली होती. तरी एक शब्द बोलले नव्हते. आमचा मामा महिन्याने आला, चांदीची वाटी घेऊन, म्हणून आमची ती परंपरा झाली. शीतलचा येऊ शकला नाही, तर मी तिला विचारलं की तुला कळत कसं नाही. मला फार वाईट वाटलं. तिच्या चुलीपुढे बसून मी रडले, आणि ती बिचारी मलाच पाणी देत होती.

आता पिशवीचाही उलगडा झाला. गावी मामा होता. मामाने घास दिला की पोरगी जेवणार. आईबापांनी पोरीला टाकलं नव्हतं, त्यांच्या परीने उपायच काढला होता. फक्त त्यात पोरीला आईपासून तोडावं लागत होतं.

शुक्रवारची रांग

हातात एक दिवस होता. शुक्रवारी टँकरवर मी, मृणाल, संगीताताई तिघी गेलो. मी काहीही सुचवायचं नाही असं मृणालने बजावलं होतं. संगीताताईंनी बायकांपुढे प्रश्न ठेवला: मामा गावाला आणि लेकरू इथं, तर करायचं काय? कळलं, की तनू एकटी नव्हती. आणखी दोन बाळांचं उष्टावण मामापायी अडलेलं होतं.

मृणालला राहवलं नाही, तीच बोलून गेली. व्हिडिओ कॉल लावून द्यायचा, मामाने तिकडून म्हणायचं आणि आईने इकडे भरवायचं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लीलाबाई म्हणाली, "फोनातून घास बाहेर येते का?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही. माझ्या अमेरिकेतल्या नातवाचं उष्टावण तसंच झालं होतं आणि मी ते पेठेत कौतुकाने सांगत फिरले होते. ते मी तिथे अर्थातच बोलले नाही.

एकीने सुचवलं, संगीताताईंच्या भावाला बोलावू. पण त्याला ओळखतं कोण? दुसरी म्हणाली, गणपतीच्या देवळातल्या पुजाऱ्याने द्यावा घास. लीलाबाईने मान हलवली. पुजारी रोज थोडाच विचारायला येणार आहे भाची जेवली का म्हणून? मामा म्हणजे ज्याला विचारायचा हक्क असतो तो. हे तिचं वाक्य मी माझ्या वहीत, तिसाव्या कृतीच्या खाली, लिहून घेतलं आहे.

मग शीतल बोलली. एवढ्या बायकांत ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं. हंडा खाली ठेवून ती म्हणाली, "भाऊबीजेले मी ओवाळलं कोनाले?"

सगळ्या टँकरकडे बघायला लागल्या. झालं होतं असं, की भाऊबीजेला गावी जाता न आलेल्या बायकांनी टँकर आल्यावर रामेश्वरलाच पाटावर बसवून ओवाळलं होतं. त्याच्या खिशात काही नव्हतं, म्हणून ओवाळणी म्हणून त्याने प्रत्येकीला दोन दोन हंडे पाणी जास्त दिलं होतं. ज्याला ओवाळलं तो भाऊ, आणि आईचा भाऊ तो मामा. इतकं सरळ. माझ्या वहीत हे कुठे असणार?

मागून कुणीतरी हळूच विचारलं, पण तो जातीचा कोण? लीलाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "त्याचं पानी पेता तवा नाई इचारली. आता काहून इचारता?"

रामेश्वर मात्र घाबरला. पाइप हातात धरून तो म्हणाला, "नको बाई. लेकराला काही झालं तर माझ्यावर येईल." शीतल त्याला म्हणाली, "दादा, उद्या जीप येऊन ऱ्हायली." त्याने पाइप खाली ठेवला, रुमालाने हात पुसले, आणि विचारलं, किती वाजता यायचं.

उरलं खाण्याचं. ते त्यांनी पंधरा मिनिटांत ठरवलं. एकट्या बाळासाठी वेगळं शिजवायला कुणाला सवड नाही, तेव्हा पहाटे पाळीपाळीने एकीने सगळ्यांसाठी एका पातेल्यात शिजवायचं. प्रत्येकीने मूठभर कण्या, त्याच्या निम्मी डाळ आणायची, वर दाण्याचा कूट आणि तेल. पहिला घास टँकरच्या रांगेत, म्हणजे कुणाची चुकवाचुकवी नाही. उरलेलं लीलाबाईकडे, ते गरम पाण्यात पुन्हा उकळून दुपारी आणि चारला. मला काय विचारलं, तर पाणी किती वेळ उकळायचं आणि घास किती मऊ हवा. तेवढं मात्र मी सांगितलं, आणि मनापासून आनंदाने सांगितलं. एवढ्यापुरतं तरी शिकलेलं वाया गेलं नाही.

गणेशने सगळं ऐकून घेतलं. पोरगी खाते का नाही ते उद्या बघू, तो म्हणाला, नाहीतर जीप आहेच.

शनिवार

सकाळी सहालाच जीप रस्त्याला लागून उभी होती. वर गाठोडी बांधलेली. गणेशच्या खांद्याला निळी पिशवी, तीत तनूची झबली. टँकर अजून आला नव्हता. साडेसहा झाले, पावणेसात झाले. जीपवाला घाई करायला लागला. शीतल पोरीला पदरात घेऊन नुसती रस्त्याकडे बघत होती. मी देवाधर्माची फार नाही, पण त्या वीस मिनिटांत मला आठवतील तितके देव मी आठवले.

हॉर्न वाजला. रामेश्वर उतरला तो पांढरा शर्ट घालून, भांग पाडून. उशीर का झाला ते त्याच्या हातातच होतं. पिवळा फ्रॉक आणि एक स्टीलची वाटी. भांड्यांच्या दुकानदाराला सकाळी सकाळी घरातून उठवून त्याने वाटीवर नाव घालून घेतलं होतं: "तनूस, रामेश्वरमामाकडून." आमच्या चांदीच्या वाटीवर नाव घालायला माझ्या भावाला सुचलं नव्हतं.

पाण्याच्या दोन कॅनवर पाट ठेवून मामाला बसवलं, मांडीवर तनू. शीतलने दोघांना कुंकू लावलं. लीलाबाईने वाटीत गुळाची खीर घातली आणि पुढे पातेल्यातलं कण्या-वरण ठेवलं. रामेश्वरने खिरीचं बोट तनूच्या ओठाला लावलं. तिने तोंड वाकडं केलं. दुसरं बोट, तिने जिभेने बाहेर ढकललं. गणेशने पिशवी खांद्यावर नीट केली. मला ओरडून सांगायचं होतं, अहो, पहिल्यांदा सगळीच बाळं असं करतात, थांबा जरा. पण मी थांबले. लीलाबाई म्हणाली, "मामा, गोड नको, जेवन दे."

त्याने कण्या-वरणाचा घास बोटाने आणखी मऊ केला आणि दिला. तनूने तो तोंडात धरला. मोठे डोळे करून मामाकडे बघितलं. मग गिळला, आणि त्याचं बोट धरून तोंडाकडे ओढलं.

सात घास खाल्ले तिने. मी मोजले, सगळ्यांनी मोजले. जीपवाल्याने हॉर्न दिला तेव्हा गणेश तिकडे गेला, खिडकीतून काहीतरी बोलला, आणि जीप निघून गेली. तो परत आला तेव्हा पिशवी अजून त्याच्या खांद्याला होती. ती त्याने शीतलच्या हातात दिली आणि तो हंडे भरायला गेला. एवढंच. आमच्याकडे अशा वेळी भाषण झालं असतं.

परत, आणि पुन्हा

रविवारी मी घरी आले. तक्ता मृणालकडेच राहिला. तिच्या मित्रांनी ॲप केलं नाही, त्याऐवजी दोन मोठी पातेली, शेगडी आणि पावसाळ्यासाठी छप्पर दिलं. नाचणीचं सत्त्व शेळीने संपवलं असावं. सगळं गोड झालं असंही नाही. एक बाई चौथ्या दिवशीच यायची बंद झाली, आणि चहा-बिस्कीट कॅम्पातून काही हललेलं नाही.

पंधरा दिवसांनी वजनाचा दिवस होता म्हणून मी आदल्या दिवशीच पुन्हा गेले. या वेळी ह्यांनी काही विचारलं नाही, उलट बसस्टॉपपर्यंत पिशवी धरायला आले. पहाटे शीतलच्या दारात गेले तर ती निळी पिशवी भिंतीला खुंटीवर टांगलेली. मला ती पाहून धसका बसला. मी विचारलं, पुन्हा कुठे जायचं ठरलंय का?

शीतलने पिशवी काढून माझ्यापुढे उघडली. आत गिरणीतून आणलेल्या कण्या होत्या, वर तनूची स्टीलची वाटी.

अडीचशे ग्रॅम वाढली होती तनू. टँकर यायच्या आधीच वजन उरकून संगीताताईंनी कागदावर नवा ठिपका टेकवला, पिवळ्यातच, पण आधीच्या ठिपक्याच्या वर. शीतलने त्या ठिपक्यावर बोट ठेवून मला दाखवलं, जणू मला तो कागद वाचता येत नव्हता. मी तिला दाखवू दिलं.

तेवढ्यात दूर रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. बायका हंडे घ्यायला उठल्या. आणि आईच्या कडेवरच्या तनूने रस्त्याकडे तोंड वळवलं आणि मोठ्ठा आ केला.